जुन्या किराणा दुकानाचा इतिहास लिहायचाय: वह्या, पाटी, मापं हाताशी आहेत, सुरुवात कुठून करावी?

कृष्णाकाठ

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत एक किराणा-भुसार दुकान आहे. पाटीवर ‘स्थापना १९२१’ असं रंगवलंय. सध्याच्या मालकांनी माळ्यावरचं सगळं दप्तर अभ्यासासाठी खुलं केलंय. लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या साठेक आहेत. त्यातली सगळ्यात जुनी ‘शके १८४९, संवत १९८४’ची. १९५० च्या आसपासपर्यंतच्या वह्या बहुतेक मोडीत आहेत, पुढच्या बाळबोधीत. शिवाय भाडेपावत्या, रेल्वेच्या पावत्या, घाऊक व्यापाऱ्यांची बिलं, लोखंडी वजनं, लाकडी-पत्र्याची मापं आणि एक तराजू.

विचारायचं असं:

१) १९२१ हे साल खरं की नुसतं सांगोवांगी, हे कशावरून ठरवायचं?
२) साठ वह्यांमध्ये आधी कुठली उघडायची?
३) तेव्हाचे भाव आजच्या मापात कसे मांडायचे? शेर, पायली, मण यांचा मेळ लागत नाही.
४) सरकारी दप्तरात या दुकानाच्या खुणा कुठे सापडतील?

गौरवग्रंथासारखं काही नकोय. गावाच्या बाजाराचा इतिहास म्हणून कोणी आधाराला घेतलं तर टिकेल असं लिहायचंय.

जमाखर्च

आधी वह्यांचे ढीग प्रकारानुसार लावा, सालानुसार नंतर. अशा दुकानात साधारण चार-पाच तऱ्हेच्या वह्या असतात. कच्ची वही किंवा कच्चा रोजमेळ म्हणजे गल्ल्याशेजारी बसून घाईत लिहिलेली. रोजकीर्द म्हणजे तीच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी स्वच्छ उतरवलेली. खतावणीत प्रत्येक माणसाचं आणि प्रत्येक बाबीचं वेगळं खातं असतं. उधारीची वही वेगळी असते आणि कधी कधी जाकड वहीही असते, म्हणजे पसंतीवर नेलेल्या, अजून विक्री न झालेल्या मालाची. ढीग लागले की खतावणी आधी उघडा, रोजकीर्द नाही. खतावणीच्या सुरुवातीला बहुधा नावांची अनुक्रमणिका असते. ती एकदा उतरवून काढली की दुकानाचा सगळा गोतावळा समोर येतो: कुठल्या वाड्या-वस्त्यांची गिऱ्हाइकं, कुठल्या गावचे अडते (दलालीवर माल विकणारे व्यापारी), हुंडी कोणत्या पेढीवरची.

आता सगळ्यात मोठा खड्डा. देशी नाम्यात, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबपद्धतीत, डावी बाजू जमेची (आलेल्या रकमांची) आणि उजवी नावेची (दिलेल्या रकमांची). शाळा-कॉलेजात इंग्रजी पद्धतीचा जमाखर्च शिकलेला माणूस खतावणीची डावी बाजू नावेची समजून वाचतो आणि सगळंच उलटं होतं. ज्यानं पैसे भरले तोच दुकानाचं देणं लागतो असं दिसतं. शिवाय देशी पद्धतीत रोजकिर्दीतली जमा खतावणीतही जमेलाच जाते, बाजू बदलत नाही. सुरुवातीला एकाच माणसाच्या पाच नोंदी रोजकिर्दीतून खतावणीपर्यंत माग काढून बघा. नोंदीशेजारी दुसऱ्या वहीचा पान नंबर टाकलेला असतो, तोच धागा.

पानावर घड्या दिसतील. त्यांना सळ म्हणतात. रेघा आखण्याऐवजी कागद दुमडून रकाने पाडायचे. बहुधा पानाला आठ सळ असतात, चार जमेकडे, चार नावेकडे. प्रत्येक बाजूच्या पहिल्या सळात रक्कम, उरलेल्या तिनात तपशील. तपशिलात आत सरकवून लिहिलेले आकडे हे वरच्या रकमेची फोड असते. ते पुन्हा बेरजेत धरू नका, नाहीतर बेरीज दुप्पट होते. दिवसाच्या शेवटी नावेकडे शिल्लक मांडून दोन्ही बाजू सारख्या केलेल्या असतात. हाच तुमच्या वाचनाचा पडताळा. बेरीज जुळली नाही तर आधी आपलं वाचन तपासा. लिहिणाऱ्याची चूक निघणं फार क्वचित.

एक मर्यादा लक्षात असू द्या. रोख विक्री दिवसाअखेर एका आकड्यात जमा होते, ‘गल्ला’ किंवा ‘रोख विक्री’ म्हणून. कोणी काय नेलं हे फक्त उधारीच्या नोंदींत दिसतं. त्यामुळे ‘गावातले लोक अमुक इतका गूळ खात’ असं उधारी वहीवरून लिहाल तर ते फक्त उधार नेणाऱ्यांबद्दल खरं असेल. रोखीनं दोन पैशांचं मीठ-मिरची नेणारी माणसं या वह्यांत अदृश्यच आहेत. इतिहास लिहिताना ही गोष्ट पहिल्याच प्रकरणात सांगून टाका.

खरेदीच्या नोंदींत मालाच्या किमतीखाली हमाली, तोलाई, अडत, जकात, धर्मादाय असे बारीक आकडे असतात. लोक ते गाळतात. माल कुठून, कोणत्या वाटेनं आणि किती हातांतून आला हे त्याच ओळींतून कळतं. जकात लागली म्हणजे माल नगरपालिकेच्या हद्दीबाहेरून आला. हमाली दोनदा दिसली तर वाटेत गाडी बदलली असणार. धर्मादायाचं खातं स्वतंत्र असतं. धर्मशाळा, पाणपोई, पांजरपोळ (म्हाताऱ्या जनावरांचा निवारा) यांना पैसे गेलेत का ते तिथं शोधा.

मोडीवाचक

वरच्या उत्तरात तारखांचा विषय राहिला, आणि वह्यांच्या कामात निम्म्या चुका तिथेच होतात.

तुमची वही शके १८४९, संवत १९८४ ची आहे. व्यापारी वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे बलिप्रतिपदेला सुरू होतं. म्हणून ही वही १९२७ च्या दिवाळीत पुजलेली आणि १९२८ च्या दिवाळीपर्यंत चाललेली. आता गंमत अशी की संवत वहीभर १९८४ च राहतो, पण शक मध्येच गुढीपाडव्याला बदलून १८५० होतो. वहीच्या मुखपृष्ठावर एकच शक असतो. तो धरून उत्तरार्धातल्या सगळ्या नोंदी एक वर्ष मागे ढकलल्या जातात.

हिशेब असा करा. शकात पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९. कार्तिकी संवतातून दिवाळी ते डिसेंबर ५७ वजा, त्यानंतर पुढच्या दिवाळीपर्यंत ५६ वजा. कुठे फसली साल (जुनं महसुली वर्ष) दिसलं तर स्थूलमानानं ५९० मिळवायचे. महसुलाच्या कागदांत आणि निजामाच्या मुलखातून आलेल्या बिलांत ते भेटतं.

घाऊक व्यापारी मारवाडी असेल तर आणखी एक पेच. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, त्यांच्याकडे पौर्णिमेला. शुद्ध पक्षाचं नाव दोघांकडे सारखंच, पण वद्य पक्षाला ते पुढच्या महिन्याचं नाव देतात. लक्ष्मीपूजनाची अमावास्या आपल्या वहीत आश्विन वद्य ३० आणि त्यांच्या बिलावर कार्तिक वदी ३०. तारखा महिनाभर पुढे-मागे वाटल्या तर आधी हे तपासा. त्यांचा संवतही चैत्रापासून मोजलेला असू शकतो. तसं असेल तर कार्तिक ते फाल्गुन आकडा जुळेल आणि चैत्र ते आश्विन एकानं जास्त दिसेल. बिलावर वार लिहिलेला असला तर देव पावला. तिथी, वार आणि जुनं पंचांग यांचा मेळ घातला की शंका उरत नाही.

मोडीबद्दल: व्यापारी मोडी ही दरबारी मोडीपेक्षा वाचायला अवघड, कारण ती एका घरच्या दोन-चार माणसांनी आपल्यापुरती लिहिलेली असते. आधी ओळ आखून मग अक्षरं तिला लटकवत जायची, त्यामुळे शब्द तुटत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. पण फायदाही आहे. तेच शंभर-दीडशे शब्द वर्षभर फिरत राहतात. पहिल्यांदा आकडे ओळखा, मग महिने, मग मालाची नावं, माणसांची नावं शेवटी. मि. म्हणजे मिती, ह. म्हणजे हस्ते, बा. म्हणजे बाबत, गु. म्हणजे गुजारत (मार्फत). त्या घरची अक्षरं ओळखण्यासाठी स्वतःचा तक्ता बनवा: प्रत्येक अक्षराचे चार-पाच नमुने फोटोतून कापून एका कागदावर. हात बदलला, म्हणजे दुसरा माणूस लिहायला लागला, की तक्ता नवा. हात कधी बदलला ही तारीखही टिपून ठेवा. बाप जाऊन मुलगा गादीवर बसला हे बऱ्याचदा तिथेच पहिल्यांदा दिसतं.

रकमा वाचताना दांड्यांकडे लक्ष द्या. रुपयांच्या आकड्यापुढे एक उभी दांडी म्हणजे पाव, म्हणजे चार आणे. दोन दांड्या आठ आणे, तीन बारा आणे. चार आण्यांच्या आतले आणे छोट्या आडव्या किंवा तिरक्या रेघांनी दाखवतात, आणि ही ढब हातागणिक बदलते. याच दांड्या वजनालाही लागतात. १। रुपयाच्या जागी सव्वा रुपया, मणाच्या जागी सव्वा मण. एका रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. हे पाठ नसेल तर बेरजा जुळणारच नाहीत.

मापतोल

भावांबद्दल सविस्तर लिहितो, कारण या विषयावरच्या बऱ्याच स्थानिक लेखांत इथेच गफलत असते.

पहिली गोष्ट. जुन्या वह्यांत भाव अनेकदा उलटे लिहिलेले असतात: ‘रुपयास ६ शेर’. आकडा वाढला तर माल स्वस्त झाला, महाग नाही. आलेख काढताना आधी सगळे भाव एका दिशेला वळवा.

दुसरी गोष्ट, शेर दोन जातींचा. वजनी शेर तराजूवरचा, कैली शेर मापाचा. ज्वारी, तांदूळ, डाळी मापानं विकल्या जात. गूळ, साखर, सुपारी, खोबरं वजनावर. मापाचा कोष्टक असा: २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, २ शेर म्हणजे १ अधोली, २ अधोल्या म्हणजे १ पायली. पायलीच्या वर गावोगाव फरक. कुठे १२ पायल्यांचा मण, कुठे १६ चा. २० मणांची खंडी मात्र बहुतेक ठिकाणी. कैली शेराचं किलोत रूपांतर सरसकट करता येत नाही. एकाच मापात ज्वारी, तांदूळ आणि शेंगदाणे यांचं वजन वेगवेगळं भरतं. तुमच्याकडे मापं प्रत्यक्ष आहेत ना, मग सोपं आहे. माप पाण्यानं भरू नका, लाकूड फुगतं आणि पत्र्याची शिवण गळते. बारीक कोरडी मोहरी सपाट भरून ती लिटरच्या मोजपात्रात ओता. मापाच्या काठाशी झीज किंवा ठोक असेल तर तसं लिहून ठेवा. आणि सपाट माप घेत की शीग लावून (काठाच्या वर ढीग करून), हे जाणत्या माणसांना विचारा, कारण शिगेनं मापात चांगलीच भर पडते.

वजनी शेर ८० तोळ्यांचा धरला तर ९३३ ग्रॅम, आणि असे ४० शेर म्हणजे ३७.३२ किलोचा मण. यालाच बंगाली किंवा पक्का मण म्हणत. रेल्वेही याच मणानं माल मोजायची. पण मुंबईच्या बाजारात २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोचा मणही चालत असे. दोन्हींचे शेर चाळीसच! नुसतं ‘५ मण’ वाचून किलो केलेत तर आकडा जवळजवळ तिपटीनं चुकू शकतो. १९३२ च्या मुंबईच्या वजनमाप कायद्यानं ८० तोळ्यांचा शेर प्रमाण ठरवला, तरी बाजाराची जीभ बदलायला वेळ लागला. त्यामुळे कायद्याचं साल धरून त्यापुढच्या सगळ्या नोंदी पक्क्या मणाच्या समजू नका.

कुठला मण ते ठरवायची खात्रीची वाट तुमच्या दप्तरातच आहे. रेल्वे पावतीवर मालाचं वजन रेल्वेच्या मणात असतं. त्याच मालाची खरेदीची नोंद त्या दोन-चार दिवसांत रोजकिर्दीत सापडेल. दोन आकडे शेजारी ठेवले की त्या व्यापाऱ्याचा मण कळतो. प्रत्येक घाऊक व्यापाऱ्यासाठी हे एकदा करा आणि वेगळ्या कागदावर लिहून ठेवा.

पुढे बदलाचा काळ येतो. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. पण गिऱ्हाईक आण्यातच बोलायचं, त्यामुळे काही वर्षं वह्यांत ६, १२, १९, २५, ३१, ३७, ४४, ५० असे आकडे सारखे दिसतात. ते एक, दोन, तीन, चार... आण्यांचे ठरवून दिलेले नवे पैसे आहेत. हे आकडे विरळ कधी होतात ते बघा. लोकांच्या डोक्यातून आणा कधी गेला ते तुमच्या गावापुरतं सांगता येईल. ‘नवा’ हा शब्द १ जून १९६४ पासून अधिकृतपणे गळाला. वजनांचा दशमान १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आला आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सक्तीचा झाला. या मधल्या वर्षांत एकाच पानावर शेर आणि किलो दोन्ही भेटतात. भाव ‘वाढला’ असं वाटेल, पण किलो पक्क्या शेरापेक्षा ६७ ग्रॅमनं, म्हणजे सुमारे ७ टक्क्यांनी मोठा. तेवढी वाढ मापाची, महागाईची नव्हे.

लोखंडी वजनं उलटी करून पाहा. तळाच्या खोबणीत शिसं ओतलेलं असतं आणि त्यावर वजनमाप निरीक्षकाचे ठसे असतात. त्यात सालाचे आकडे वाचता येतात. शिसं खरवडू नका, तारेच्या ब्रशनं तर अजिबात घासू नका. तिरका उजेड टाकून फोटो घ्या, ठसा उठून दिसतो. वजनं नुसती तोलून ‘कमी भरलं, म्हणजे दुकानदार मापात मारायचा’ असा निष्कर्ष काढू नका. लोखंड गंजानं आणि झिजेनं हलकं होतं, आणि ठशाच्या साली ते बरोबर होतं एवढंच ठसा सांगतो.

दप्तरखाना

चौथ्या प्रश्नाचं उत्तर. चार ठिकाणं, आणि याच क्रमानं जा.

नगरपालिका. घरपट्टीच्या कर आकारणी नोंदवहीत मालक, भोगवटादार (जागा प्रत्यक्ष वापरणारा) आणि वापर (राहणं, दुकान, गोदाम) अशी नोंद असते. दुकान भाड्याच्या जागेत असेल तर मालकाच्या नावानं शोधून काही मिळणार नाही, भोगवटादाराचा रकाना वाचा. घर क्रमांक फेरआकारणीत बदलतात. म्हणून आजच्या क्रमांकावरून एकेक आकारणी मागे जा, ‘जुना क्रमांक’ या रकान्याच्या आधारानं. एकदम १९२१ ची वही मागितलीत तर हाती दुसऱ्याच घराची नोंद लागेल.

भूमी अभिलेख. गावात सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक आणि त्याच्या मुळाशी असलेली चौकशी नोंदवही मागा. मालमत्ता पत्रकावर फक्त निकाल असतो. चौकशी नोंदवहीत त्या वेळी कोणी काय सांगितलं, जागा कशी मिळाली हे थोडक्यात लिहिलेलं असतं. इतिहासाला तीच उपयोगी. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन महाभूमीच्या संकेतस्थळावर आलेत, चक्कर मारण्याआधी तिथे बघा.

दुय्यम निबंधक, म्हणजे दस्त नोंदणीचं कार्यालय. खरेदीखत, गहाणखत, नोंदवलेला भाडेपट्टा. सूची २ मधून गाव आणि सालानुसार शोध घेता येतो. वर्षावरच्या मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं बंधनकारक, पण महिन्याच्या बोलीवर दिलेली गाळ्यांची भाडी तिथे दिसणार नाहीत. त्यांच्यासाठी तुमच्या भाडेपावत्याच पुरावा.

भागीदारी असेल तर निबंधक, भागीदारी संस्था. १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली नोंद झाली असेल तर भागीदार कधी आले-गेले याचा उतारा मिळतो. नोंदणी ऐच्छिक आहे, तेव्हा नोंद न सापडणं म्हणजे भागीदारी नव्हती असं नाही.

गुमास्ता परवान्यावर फार विसंबू नका. दुकाने व आस्थापनांचा जुना कायदा १९४८ चा (२०१७ मध्ये त्याच्या जागी नवा आला), आणि तो छोट्या गावांना एकदम लागू झाला नाही, क्षेत्रं टप्प्याटप्प्यानं जोडली गेली. परवान्यावरचं साल हे नोंदणीचं साल, दुकानाचं नव्हे. विक्रीकर नोंदणीचंही तेच. मुंबई इलाख्यात विक्रीकर १९४६ मध्ये सुरू झाला, त्याआधीचा नंबर असूच शकत नाही. युद्धकाळातल्या आणि नंतरच्या धान्य नियंत्रणाच्या वर्षांतले परवाने, कोटापत्रं, साठ्याची पत्रकं मात्र जपून बघा. ‘कंट्रोल’चा माल किती आला आणि किती घरांना वाटला हे त्यात आकड्यांत मिळतं, गावच्या बाजाराच्या इतिहासात त्याच्या तोडीचं दुसरं साधन नाही.

बिलांवर तारीख नसेल तरी काळ बांधता येतो. ‘जि. उत्तर सातारा’ छापलंय? मग १९४९ ते १९६० मधलं. सांगलीकडचं बिल असून ‘दक्षिण सातारा’ असेल तर तोच काळ. ‘पूर्व खानदेश’ असेल तर १९६० पूर्वीचं, ‘कुलाबा’ असेल तर १९८१ पूर्वीचं. जुना छापील साठा मात्र दुकानदार संपेपर्यंत वापरतो, म्हणून एक-दोन वर्षांची सैल ठेवा. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. मालाच्या नावांचाही असाच उपयोग: डालडा १९३७ च्या आधी येऊ शकत नाही, सर्फ १९५९ च्या आधी नाही, निरमा १९६९ च्या आधी नाही.

हाच नियम पाटीलाही. पाटी कधी रंगवली ते आधी ठरवा. १९७० नंतर रंगवलेल्या पाटीवरचं १९२१ हे साल म्हणजे त्या वेळच्या मालकाची आठवण. ती खोटी असेलच असं नाही, पण पुरावा म्हणून तिचं वय पाटीइतकंच.

कागदजतन

वह्या वाचायला घेण्याआधी थोडं थांबा. माळ्यावरून काढलेली वही लगेच उघडू नये. सावलीत, हवेशीर जागी, कोरड्या सुती कापडावर दोन-तीन दिवस राहू द्या. उन्हात मुळीच नको. कागद कडक होतो आणि सळांच्या घडीवर तुटतो, आणि या वह्यांची घडी हाच सगळ्यात अशक्त भाग. आठ सळांचं पान उलगडताना एका बाजूनं ओढू नका. खाली पुठ्ठा सरकवा आणि पुठ्ठ्यासकट उलटा.

शाई दोन प्रकारची भेटेल. काजळाची काळीभोर शाई कागदाला खात नाही, पण पाण्यात विरघळते. ओल्या फडक्यानं धूळ पुसलीत की नोंदी गेल्या. दुसरी लोहयुक्त शाई, कालांतरानं तपकिरी पडणारी. ती कागद जाळते आणि जाड अक्षरांच्या जागी जाळी पडते. अशी पानं वारंवार उलटू नका, एकदाच फोटो काढून पुढे फोटोवरून वाचा. लाल कापडाचा रंगही ओल लागली की पानांत उतरतो, म्हणून वह्या एकावर एक रचताना मधे साधा पांढरा कागद घाला.

धूळ मऊ ब्रशनं, शिवणीकडून बाहेरच्या काठाकडे. फाटल्या जागी सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन शाईत मुरतो आणि मग निघत नाही. क्रमांक टाकायचे ते मऊ पेन्सिलीनं, कोपऱ्यात. वाळवी असेल तर ती वही वेगळ्या बंद डब्यात ठेवा आणि जाणकाराला दाखवा. घरगुती कीटकनाशक कागदावर फवारू नका, डाग पडतात.

फोटो काढताना प्रत्येक वहीचं मुखपृष्ठ, पाठ, कोरी पानंसुद्धा घ्या. कोऱ्या पानांवर उलट बाजूनं घरची टिपणं असतात: बारसं, लग्नाचा खर्च, विहिरीचं काम. फाइलला नाव वही क्रमांक आणि पान क्रमांकानं द्या. साल नावात घालू नका, साल नंतर बदलू शकतं.

आणि एक कळकळीची विनंती. उधारीच्या वह्यांत गावातल्या घराण्यांची नावं, थकबाकी, गहाण दागिने आहेत. त्यांची नातवंडं आज त्याच पेठेत राहतात. छापताना नावं झाका, वाडी, व्यवसाय आणि रकमा ठेवा. इतिहासाला तेवढं पुरतं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मोडीवाचक यांनी सांगितल्याप्रमाणे अक्षरांचा तक्ता सुरू केलाय.

एक नोंद विचारतो. शके १८४९ च्या वहीच्या पहिल्या पानावर पूजेच्या मजकुरानंतर लगेच ‘मागील वहीपैकी बाकी’ अशा अर्थाच्या बऱ्याच ओळी आहेत, प्रत्येकीपुढे माणसाचं नाव आणि रक्कम. म्हणजे १९२७ पूर्वी दुकान होतं हे सिद्ध झालं ना?

जमाखर्च

व्यवहार होता एवढं सिद्ध झालं. तो याच दुकानाचा, याच नावानं आणि याच जागी होता का, हे अजून नाही. जुन्या काळी सावकारी, अडत आणि किराणा एकाच माणसाच्या एकाच वहीत असत. भावाभावांची वाटणी होऊन नवं दुकान निघालं तरी आपल्या वाट्याची येणी नव्या वहीत ओढली जात.

तीन गोष्टी बघा. त्या बाक्यांमध्ये मालाच्या उधारीच्या रकमा किती आणि मुद्दल-व्याजाच्या किती ते वेगळं करा. मालाची उधारी आणे-पै धरून वाकडीतिकडी असते, मुद्दल बहुधा गोल असतं. मग खतावणीत धन्याचं भांडवल खातं काढा. दिवाळीच्या पाडव्याला तिथे एकच गोल रक्कम जमा दिसली, तर दुकान त्याच दिवशी थाटलं असण्याचा संभव जास्त. आणे-पैसह मोडकी रक्कम असेल तर ती मागच्या वहीतून ओढलेली. तिसरं, त्याच वर्षी फडताळं, तागडी, मापं, गल्ल्याची पेटी यांची खरेदी नावे पडली आहे का ते पाहा. चालत्या दुकानाला हे सगळं एकदम घ्यावं लागत नाही.

मोडीवाचक

याला एक जोड. बाकीच्या ओळींत ‘सा.’ किंवा ‘साल’ लिहून पुढे जुना शक किंवा संवत आहे का ते नीट पाहा. थकलेली येणी ओढताना कधी कधी मूळ साल लिहीत. समजा एखाद्या किराणा उधारीपुढे संवत १९७८ मिळालं, तर ती उधारी दिवाळी १९२१ ते दिवाळी १९२२ मधली आणि पाटीवरच्या सालाला पहिला लेखी आधार मिळाला. संवत १९७७ (दिवाळी १९२० ते दिवाळी १९२१) च्याही आधीचं साल निघालं तर मात्र पाटी मागे न्यावी लागेल.

ती पानं मुदतबाह्य म्हणून बुडीत खात्याला नेलेल्या रकमांशीही ताडून बघा. खतावणीत बुडीत खातं शोधा, तिथेही मूळ साल लिहिलेलं असू शकतं.